पोतंभर पाव

दगडाबाई : लई न्हाई मागत माय. ह्या पिशवीत मावतील तेवढेच पाव दे. राहिलेल्या दोघींचं आजच्यापुरतं भागंल.

यशोधरा : राहिलेल्या म्हणजे? चार शेळ्या होत्या ना तुमच्या, मावशी?

दगडाबाई : व्हत्या. दोन गेल्या. ढवळी गेली, आन् गाभण बांडी गेली. तुला ठाऊक न्हाई? साऱ्या चौसाळ्याला ठाऊक हाय.

यशोधरा : मी दुकानातून बाहेरच पडले नाही ह्या आठवड्यात. बर्गर कंपनीचा साहेब तपासणीला यायचाय. कधी गेल्या?

दगडाबाई : तू पोतं दिलं ना पावाचं, त्याच्या दुसऱ्या दिशी. सकाळच्या पारी. तेवढंच एक बरं झालं बग, पोटभर खाऊन गेल्या. शेवटचा घास गोड भेटला त्यांला तुझ्या हातनं.

यशोधरा : बसा मावशी. उभ्या कशाला? ही खुर्ची घ्या. कशानं गेल्या?

दगडाबाई : किरळ लागली म्हनतेत. सुंदररावांची ज्वारी निघाली, मागनं अवकाळी पडला, आन् बुडख्यातनं कवळे कवळे कोंब फुटले. दिसाय हिरवेगार, जनावराच्या पोटात गेले की इख. आमच्या सुनेनं, वनमालेनं शेळ्या तिथं घातल्या म्हनतेत. त्यांचा सालगडी हाय ना सिदू, त्यानं बघितलं तिला बांधावर.

यशोधरा : वनमाला काय म्हणते?

दगडाबाई : ती म्हनती, बांधाबांधानं आणल्या, रानात तोंड घालू दिलं न्हाई. पर सिदू बोलला सुंदररावांच्या ओट्यावर, माणसं बसलेली असताना. हनुमान बी तिथंच. सुंदररावांनी नुसती मान हलवली. झालं. माझं पोरगं पेटलंच. म्हन्ला, दोन जनावरं सांभाळता येत न्हाईत तर माझ्या घरात हिचं काम काय.

यशोधरा : मग?

दगडाबाई : मग काय. लेकरू कडंवर घेतलं आन् गेली नेकनूरला, बापाकडं. येष्टीत बसवायला बी कुनी गेलं न्हाई. आता शेळ्या राखायला मानूस न्हाई घरात. माझे गुडघे हे असे. म्हनून आले तुझ्या दारात.

यशोधरा : हनुमाननं हात उचलला का तिच्यावर?

दगडाबाई : न्हाई. खोटं कावून बोलू. हात न्हाई लावला. बोलला. साऱ्यांदेखत बोलला.

यशोधरा : मावशी, एक विचारते. शेळ्या रानात पडल्या की घरी?

दगडाबाई : घरी. तिन्हीसांजंला आपल्या पायानं चालत आल्या की.

यशोधरा : आणि गेल्या सकाळी.

दगडाबाई : व्हय. रातभर दात खात व्हत्या करकर. पोट हे असं, हलगीवानी. तोंडाला आंबूस वास. म्या तेल पाजलं, हळद पाजली. बांडी माझ्याकडं बगत व्हती नुसती.

यशोधरा : किरळ लागलेलं जनावर घरापर्यंत येत नाही, मावशी.

दगडाबाई : मला बी तेच वाटलं ना! किरळ लागली की तिथंच आडवं होतं, पानी पाजायला बी सवड देत न्हाई. जनम गेला माझा शेळ्यांमागं. पर सुंदररावांनी मान हलवल्यावर म्हातारीचं कोन ऐकतंय.

यशोधरा : घरी आल्यावर त्या पोत्यातले पाव चौघींनी खाल्ले?

दगडाबाई : कुठलं! बांडी लई दांडगी व्हती. तिनं आन् ढवळीनं त्या बारक्या दोघींला तोंडच लावू दिलं न्हाई. शिंगं मारून मारून हाकललं. दोघींनीच पोतं संपवलं.

यशोधरा : दोघींनीच.

दगडाबाई : आता हसू येतं आन् रडू बी येतं. तू अशी का पांढरी पडलीस माय? जेवलीस का न्हाई?

जीवन : यशू, समोर ती लातूरची गाडी थांबलीय, सगळे उतरलेत. कॅशवर ये. अरे, मावशी, तुम्ही कधी आलात?

दगडाबाई : आले मघाच. पुढल्या दारानं न्हाई येत म्या. ती काच दिसत न्हाई, कपाळमोक्ष व्हतो.

यशोधरा : मावशी, तुम्ही समोर पंख्याखाली बसा जरा. चहा पाठवते.

दगडाबाई : मशीनचा ना? त्यो चहा न्हाई, पान्याला आलेली लाज हाय. आन् ते बर्गर-बिर्गर देऊ नको मला. एवढं तोंड वासायला दात लागतेत.

यशोधरा : नुसता चहा. बसा.

जीवन : काय म्हणत होत्या?

यशोधरा : शेळ्या मेल्या त्यांच्या.

जीवन : हां. माहीत आहे.

यशोधरा : तुम्हाला माहीत होतं?

जीवन : टायरवाल्याकडं हवा भरायला गेलतो, तिथं बोलत होते. किरळ लागली म्हणे. होतं असं.

यशोधरा : आणि मला सांगितलं नाही.

जीवन : तू लगेच पुस्तक उघडलं असतंस.

यशोधरा : म्हणजे तुम्हालाही शंका आली.

जीवन : मला काही आलं नाही. मी शेळ्यांचा डॉक्टर नाही.

यशोधरा : किरळ असती तर अर्ध्या तासात खेळ संपला असता. ह्या रात्रभर जगल्या. पोट फुगलं, आंबूस वास, दात खाणं. आणि ज्या दोघींनी पाव खाल्ले त्याच मेल्या. ज्यांना मिळाले नाहीत त्या उभ्या आहेत.

जीवन : पाव चांगले होते, यशू. आपण स्वतः खाल्ले त्या दिवशी. मी दोन खाल्ले.

यशोधरा : चांगलेच होते. नासलेले असते तर शेळ्यांनी तोंड फिरवलं असतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एवढा मैदा एकदम गेला की सगळं आंबतं, आम्ल होतं. शिकवणीच्या क्लासमध्ये दरवर्षी ते चार कप्प्यांचं पोट मी फळ्यावर काढायचे.

जीवन : क्लास बंद करून किती दिवस झाले. नाही आठवलं ऐनवेळी. त्यात तुझी काय चूक? रात्रीत फ्रीझर बंद पडलेला, सगळ्या पावांचा बर्फ उतरलेला. कंपनीचा नियम, एकदा उतरला की परत गोठवायचे नाहीत, साहेब येईस्तोवर बाजूला ठेवायचे, त्याच्यासमोर फोटो काढून नष्ट करायचे. मागच्याच खेपेला एक ताकीद मिळालीय फ्रीझरवरून. दुसरी आली असती तर कंपनीनं पाटी उतरवली असती. तू कुठल्या डोक्यानं शेळ्यांचं पोट आठवणार होतीस?

यशोधरा : आठवलं होतं.

जीवन : काय?

यशोधरा : मला आठवलं होतं. पोतं त्यांच्या डोक्यावर देताना. अगदी तोंडापर्यंत आलं होतं, मावशी, एकदम घालू नका, मूठमूठ घाला.

जीवन : मग बोलली का नाहीस?

यशोधरा : बोलले असते तर त्या म्हणाल्या असत्या, मग चार पाव दे, बाकीचे राहू दे तुझ्याकडं. मला पोतं जायला हवं होतं. साहेब यायच्या आत.

जीवन : हे कुणापुढं बोलू नकोस.

यशोधरा : वर काय म्हटलं मी, माहितीये? म्हटलं, मावशी, आज तुमच्या शेळ्यांची दिवाळी. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली.

जीवन : यशू, ऐक. मला एवढंच सांग, हे आता बाहेर काढून कुणाचं भलं होणार आहे?

यशोधरा : ती बापाच्या घरी जाऊन बसलीय.

जीवन : येईल. चार दिवसांनी हनुमानचा राग उतरेल, जाईल आणायला. नवरा-बायकोचं असतंच. त्यांना आपण दोन शेळ्या घेऊन देऊ, नेकनूरच्याच बाजारातून. चांगल्या बघून. म्हणू, शेजारधर्म.

यशोधरा : शेळ्या आल्या तरी वनमालानंच त्या मारल्या, हे राहीलच ना. म्हातारी होईपर्यंत ऐकवतील तिला. भात करपला तरी किरळ काढतील.

जीवन : मी समजावतो हनुमानला.

यशोधरा : काय सांगून?

जीवन : काहीतरी सांगून.

यशोधरा : तेच तर मी केलं. काहीतरी सांगून पोतं दिलं.

जीवन : तुला ओट्यावर जाऊन बोलायचंय का? सुंदररावांच्या? बोल. जागा त्यांची, दुकान आपलं. ही जागा मिळायच्या आधी किती उंबरे झिजवले, आठवतं? लोक आडून आडून विचारायचे, मालक कोण, आडनाव काय. पहिले दोन महिने गावातलं कुणी फिरकलं नाही, हायवेच्या गाड्यांवर दिवस काढले. आणि परवा सुंदररावांच्या नातीनं इथं वाढदिवस केला. कागदाच्या टोप्या घालून बसली होती सगळी पोरं. मी आत जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो होतो, तुला माहीत नाही.

यशोधरा : माहीत आहे. मी बघितलं होतं.

जीवन : मग? तू मैदा म्हणशील, आम्ल म्हणशील, चार कप्पे म्हणशील. त्यातलं कुणी काही ऐकणार नाही. गावात एवढंच राहील, ह्यांच्या हातचं खाल्लं आणि जनावर मेलं.

यशोधरा : हो. असंच म्हणतील.

जीवन : असंच म्हणतील आणि तरी तुला बोलायचंय.

यशोधरा : तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे. पण आपल्याला बोलतील म्हणून मी तिला बोलणी खाऊ द्यायची? फ्रायर वाजतोय. बघा, फ्राइज काळ्या पडतील.

जीवन : पडू दे काळ्या.

दगडाबाई : ह्यो गिलास कुठं ठेवू माय? काउंटरवरली पोरगी म्हनती फेकून द्या. चांगला हाय की कागदाचा. मी नेते घरी.

यशोधरा : न्या. मावशी, पाव नाही देणार मी तुम्हाला.

दगडाबाई : संपले का? बरं, उद्या येते.

यशोधरा : आहेत. देणार नाही. तुमच्या शेळ्या किरळीनं नाही मेल्या. पावानं मेल्या.

दगडाबाई : पावानं कुठं शेळी मरती? लातूरची मानसं गाडी थांबवून खातेत तुझे पाव. समोर चालूच हाय त्यांचं.

जीवन : तेच म्हणतोय मी मावशी. हिला जरा दगदग झालीय—

यशोधरा : तुम्ही थांबा हो. मावशी, माणसाचं पोट निराळं आणि शेळीचं निराळं. रोज मूठभर न्यायच्या तुम्ही, काही झालं नाही. पण एकदम पोतंभर गेलं की पोटात आंबायला लागतं. आंबील उतू जाते ना गाडग्यातून, तसं. पोट फुगतं, अंगातलं पाणी आत ओढून घेतं. त्या दात खात होत्या ते दुखण्यानं. तो वास आंबल्याचा.

दगडाबाई : बारक्या दोघींनी न्हाई खाल्ले.

यशोधरा : म्हणून त्या राहिल्या.

दगडाबाई : थांब. थांब जरा. म्हंजी म्या मारल्या?

यशोधरा : तुम्ही नाही.

दगडाबाई : पोतं म्या वतलं. माझ्या हातानं. वनमाला म्हनत व्हती, आत्याबाई, अर्धं उद्याला ठेवा, लई व्हतंय. म्या म्हन्लं, तुझ्या बापाचं काय जातंय का? असंच म्हन्लं. तिच्या बापावर गेले म्या. आन् ओट्यावर सिदू बोलला तवा हे तोंडात आलंच न्हाई माझ्या. आठवलं न्हाई का आठवून गिळलं, ते बी सांगता येईना आता.

यशोधरा : तुम्हाला माहीत नव्हतं, मावशी. मला होतं.

दगडाबाई : आता पुस्तकात बघितलं व्हय?

यशोधरा : आता नाही. पोतं देताना. एकदम घालू नये हे तेव्हाच मला माहीत होतं.

दगडाबाई : मग कावून न्हाई सांगितलं?

यशोधरा : सांगितलं असतं तर तुम्ही सगळं नेलं नसतं.

दगडाबाई : म्हंजी तुला पोतं दारातून हलवायचं व्हतं.

यशोधरा : हो. साहेबाला दिसायला नको होतं.

दगडाबाई : आन् म्या बोटं मोडली तुझ्यावरनं.

यशोधरा : हो.

दगडाबाई : घरी जाऊन बी तुझंच नाव घेतलं. म्हन्लं, शिकलेली हाय पर किती जीव लावती.

जीवन : मावशी, आम्ही शेळ्या भरून देतो. तुम्ही म्हणाल तशा. चला माझ्याबरोबर बाजाराला, तुम्हीच निवडा.

दगडाबाई : शेळ्या तर देच. न्हाई म्हननार न्हाई म्या, गाभण दे एक. पर सून कोन भरून देनार?

जीवन : हनुमानला मी—

दगडाबाई : हनुमानला काय सांगतोस? त्याला राग शेळ्यांचा न्हाईच. ओट्यावर मान खाली गेली त्याचा हाय. आन् माय, तू मला चहा पाजून, मागल्या दारात हळूच सांगितलंस. तिला तसं न्हाई बोलले कुनी. तिला साऱ्यांदेखत बोलले.

जीवन : ओट्यावर सिदूनं बोललेलं आणि आम्ही बोललेलं सारखं पडत नाही, मावशी. तुम्ही ह्याच गावच्या.

दगडाबाई : ठाऊक हाय मला. माझी सासू जित्ती असती तर ह्या खुर्चीवर टेकले बी नसते म्या. खोटं कशाला बोलू. तुमी बोललात की लोक काय म्हनतील ते तुमच्या आधी माझ्या कानावर येईल. पर मग दुसरं कोन सांगनार? मला एकलीला कोन खरं धरतंय?

यशोधरा : मी सांगते ओट्यावर. पण आधी नेकनूरला जाऊ. ती नसताना बोलायचं नाही. नाहीतर परत तेच, तिच्यामागं तिच्याबद्दल बोलणं. तिला आधी कळू दे, मग ती म्हणेल तेव्हा.

दगडाबाई : आत्ता?

यशोधरा : आत्ता. स्कूटीवर बसता येईल का?

दगडाबाई : बसाय येतंय. उतरताना तेवढं धर.

जीवन : यशू, साहेब आज येणारे.

यशोधरा : तुम्ही आहात ना.

जीवन : पाव कमी का म्हणाला तर?

यशोधरा : फ्रीझर बंद पडला होता म्हणा.

जीवन : आणि मग पाव कुठं गेले म्हणाला तर?

यशोधरा : तेही सांगा.

जीवन : तुला वाटतं मी सांगेन?

यशोधरा : मला माहीत नाही. परत आल्यावर कळेल.

जीवन : ती कंपनीची टोपी काढ डोक्यावरची. हेल्मेट घे. घाटात ट्रकवाले आंधळ्यासारखे येतात.

(नेकनूरच्या रस्त्यावर. स्कूटीवर मागे दगडाबाई, एका बाजूला पाय सोडून बसलेली.)

दगडाबाई : हळू चालव. मला घाई न्हाई मरायची, आधी भांडण मिटवायचंय.

यशोधरा : हळूच चालवतेय. पदर धरा, चाकात जाईल.

दगडाबाई : तुझा नवरा मानूस चांगला हाय. भेतो लई.

यशोधरा : त्यांचं भिणं खोटं नाही, मावशी.

दगडाबाई : खोटं कुठं म्हनते म्या. तिच्या बापाच्या दारात पयलं कोन बोलनार?

यशोधरा : मी.

दगडाबाई : न्हाई. पयलं म्या. अर्धं उद्याला ठेवा म्हन्ली व्हती ही, म्या ऐकलं न्हाई, एवढं म्या सांगनार. तू आधी बोललीस तर माझं झाकून जाईल. मला झाकायला आवडंल, म्हनून आधीच सांगते.

यशोधरा : ती येईल का परत?

दगडाबाई : न्हाई आली तर तिचं बी बरोबरच हाय. उंबऱ्याच्या आत घेतलं तरी लई झालं. तू काय बोलनार? म्हनून दाखव.

यशोधरा : वनमाला, तुझी काही चूक नव्हती.

दगडाबाई : ते तिला ठाऊकच हाय. तुझं सांग.

यशोधरा : पाव मी दिले. एकदम घालायचे नसतात हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

दगडाबाई : मोठ्यानं म्हन. तिच्या बापाला कमी ऐकू येतं.